सोप्यातला केर

माणूस आपली माती सोडून निघतो, तेव्हा ती माती त्याच्या तळव्यांना चिकटून त्याच्याबरोबर सातासमुद्रापार जाते. हे वाक्य माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं. सोलापूर स्टेशनच्या फलाटावर, खांद्यावरचं उपरणं सारखं करून, त्यांनी ते माझ्या निरोपाच्या भाषणात म्हटलं. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा चामड्याचे बूट आणि लोकरीचे मोजे घातले होते. तळव्यांना काही चिकटायची सोय नव्हती.

गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. एकाहत्तरचा जानेवारी. तुमच्यापैकी जे फलाटावर होते त्यांना आठवत असेल, अप्पांच्या शाळेचं बँडपथक आलं होतं, वाचनालयाचे सगळे पदाधिकारी आले होते, आणि स्थानिक दैनिकात सकाळीच ‘उच्च शिक्षणार्थ विलायतेस प्रयाण’ अशी माझ्या फोटोसह बातमी आली होती. प्रयाण मात्र लांबलं, कारण मुंबईची गाडी उशिरा होती. आधी अर्धा तास म्हणाले, मग एक, मग स्टेशनमास्तरांनी काही म्हणायचंच सोडून दिलं. बँडला येत असलेल्या दोन्ही धून दोनदा वाजवून झाल्या. पदाधिकाऱ्यांना दुसरीकडे एका सत्काराला जायचं होतं. मुलांना भूक लागली. अखेर गाडी आली तेव्हा फलाटावर मी, अप्पा आणि सुकलेले हार एवढेच उरलो होतो. अप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “डाव्या बुटाची नाडी सुटली आहे.” त्या दिवशीचं त्यांचं हेच एक वाक्य मला उपयोगी पडलं.

अव्वा स्टेशनवर आली नव्हती. आमच्या घरात आईला अव्वा म्हणायचे आणि धाकट्या पोराला तम्मा. अव्वा मैंदर्गीची, तिचं निम्मं बोलणं कानडीत. तिला दमा होता. पण ती आली नाही ती दम्यामुळे नव्हे. तिला घरात पहारा द्यायचा होता.

पहारा केरावर. घरातलं माणूस परगावी निघालं की त्याच्यामागे लगेच केर काढायचा नाही, हा रिवाज तुमच्याकडेही असेल. कारण कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं: घरातून मयत उठल्यावर लगेच झाडून घेतात. जिवंत माणसाच्या मागे झाडू फिरवणं म्हणजे त्याचं येणं झाडून टाकणं. बहुतेक घरांत गाडी सुटायची वेळ टळली की झाडतात. अव्वाचा नियम कडक होता. माणूस पोचल्याचं कळेपर्यंत केर जागचा हलायचा नाही.

हा नियम एसटीच्या बेताचा होता आणि एसटीच्या बेतात तो व्यवस्थित चालायचा. माझी अक्का मंगळवेढ्याला दिली आहे. ती माहेरपण करून निघाली की संध्याकाळच्या उलट्या गाडीचा कंडक्टर स्टँडावरच्या चहावाल्याला सांगायचा, चहावाल्याचं पोरगं आमच्या दारात येऊन ओरडायचं, “अक्का पोचल्या म्हनं,” आणि अव्वा झाडू हातात घ्यायची. विलायतेचा कंडक्टर कोण, हे कोणी विचारात घेतलं नव्हतं.

निघताना ती मला म्हणाली, “पोचलास की कळीव तम्मा. तवर हितला केर मी काढू द्यायची न्हाय.”

अप्पांनी अंधश्रद्धेवर पंचक्रोशीत व्याख्यानं दिली होती. ते म्हणाले, “अगं, पत्राला दहा दिवस लागतात. शेजारी माग चालतात, सुताची तूस उडत असते. तुझ्या छातीला हे चालायचं नाही. आणि मुळात या समजुतीला शास्त्रीय आधार…”

“तुमचं भासण टेसनावर करा की,” अव्वा म्हणाली. “हितं सोप्यात मी हाय.”

सोपा म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. मी हार, कडक भाकरीची चवड आणि शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन त्या सोप्यातून बाहेर पडलो. मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी होती आणि तिच्या मागे फरशीवर सकाळपासून आलेल्या-गेलेल्यांच्या पायांची धूळ होती. अप्पांची ती समुद्रापार जाणारी माती ही अशी सगळीच्या सगळी घरातच राहिली होती.

विलायत म्हणजे ब्रॅडफर्ड निघालं. गिरण्यांच्या गावातून उचललेला माणूस गिरण्यांच्याच गावात ठेवला होता. तिथेही धुरांडी, तिथेही पहाटे भोंगा. फरक एवढाच की सोलापुरात भोंगा झाला की ऊन पडायचं आणि इथे भोंगा झाला तरी अंधारच राहायचा. वस्त्रविद्येच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि रशीदभाईंच्या घरात वरची खोली मिळाली.

रशीदभाई मूळचे सोलापूरचे. मेव्हण्याच्या ओळखीने आले आणि लोकरीच्या गिरणीत लागले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी गावचा म्हटल्यावर त्यांनी खोलीचं भाडं ठरवायच्या आधी मला विचारलं, “पार्क मैदानाजवळची भजी अजून मिळतात का?” मिळतात म्हटल्यावर त्यांनी माझी बॅग उचलून वर नेली. मी शिकायला आलो म्हणून त्यांनी मला मास्तर म्हणायला सुरुवात केली, आणि ती चूक मी दुरुस्त केली नाही.

पोचलो त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. ‘सुखरूप पोचलो. चटणी बॅगेत सांडली, सगळ्या शर्टांना लसणाचा वास येतोय. सविस्तर नंतर.’ ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपलो. एक-दोन दिवसांत टपाल खात्याचा देशभर संप झाला. पेट्यांची तोंडं बंद केली गेली.

“माझं पत्र गेलं असेल का हो?” मी रशीदभाईंना विचारलं.

“गया होंगा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “नहीं तो डब्बेमेंच होंगा. तिथं सुरक्षित आहे, मास्तर. पाऊस लागत नाही.”

तार करावी तर तारवालेही संपात. परदेशचे फोन जोडून देणारे निम्मे संपात, आणि जोडला तरी आमच्या गल्लीत तो घ्यायला कोणाकडे फोन नव्हता. मी रशीदभाईंना केराची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. “दमा आहे आणि घर झाडत नाहीत?” त्यांनी दोनदा विचारलं. मग जुम्म्याच्या नमाजानंतर चार जणांना विचारून त्यांनी माझी चिठ्ठी नेणारा माणूस शोधून काढला. तो लाहोरला चालला होता. लाहोरहून सोलापूरला चिठ्ठी न पोचायला संपाची गरज नव्हती, दोन सरकारं पुरेशी होती. आम्ही त्याचे आभार मानले.

दिवस जात राहिले. मी वर्गात लोकरीच्या तंतूंची लांबी शिकत होतो आणि मनात सोप्यात साठत चाललेली तूस बघत होतो. आमच्या घरी दिवसातून दोनदा झाडायचे ते हौसेने नव्हे. न झाडलेल्या सोप्यात सकाळचं ऊन आलं की त्यात पांढरं काहीतरी तरंगताना दिसे, आणि अव्वा ते हाताने बाजूला सारत असे, डास हाकलावेत तसं.

रशीदभाईंनी टीव्ही भाड्याने आणला होता. त्याला मागे एक पेटी होती, तिच्यात नाणं टाकलं की चित्र दिसायचं आणि नाणं संपलं की बंद व्हायचं. त्यावर अंतराळातल्या गोष्टींची एक मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट. त्यातले लोक चंदेरी गंजीफ्रॉक घालून काचेच्या नळ्यांतून बोलायचे. टीव्ही रंगीत नव्हता, तेव्हा चंदेरी हा माझा अंदाज. रशीदभाईंना मालिका फार आवडायची. मला त्यातलं शास्त्र पोरकट वाटायचं. तरीही मी बसायचो, कारण खाली शेगडी होती आणि वर नव्हती.

त्या आठवड्यातली गोष्ट अशी. एक यान दूरच्या ताऱ्याकडे निघतं. त्यातली माणसं काचेच्या पेट्यांत झोपतात, म्हणजे त्यांचं वय वाढायचं नाही. निघताना त्यांच्यातली एक बाई धाकट्या बहिणीला सांगते, पोचलो की संदेश पाठवीन. ज्या खोलीत संदेश येणार त्या खोलीत एक यंत्र असतं, त्यावर एक दिवा. बहीण त्या दिव्यासमोर बसून राहते. म्हातारी होते. मरते. तिची मुलगी बसते. मग सरकार तिथे एक स्मारक बांधतं.

इथून गोष्ट चांगली झाली. स्मारकासमोर दर वर्षी समारंभ होऊ लागतो. गळ्यात साखळी घातलेला महापौर येतो, पुष्पचक्र वाहतो, शाळेची मुलं बँड वाजवतात. महापौर म्हणतो, ते आपल्यातून गेलेले नाहीत, ते आपल्या हृदयात आहेत. लोक डोळे पुसतात. दर समारंभाला हार मोठा होत जातो. यंत्राच्या खोलीत मात्र आता कोणी बसत नाही. तिथे खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात.

“कित्ते साल हुए इनकू निकल के?” रशीदभाईंनी विचारलं.

“दोनशे वर्षं.”

“और घरपे कोन बैठेला है?”

“कोणी नाही. समारंभ चालू आहे.”

“हां,” ते म्हणाले. “आमच्याकडे पण असंच.”

मग यान पोचतं. ती बाई पेटीतून उठते, जशी होती तशीच, आणि पहिलं काम म्हणून संदेश पाठवते: आम्ही पोचलो. इकडे स्मारकाबाहेर बँड जोरात वाजतोय, महापौराचं भाषण ऐन भरात आहे, आणि आत, रचलेल्या खुर्च्यांच्या मागे, तो दिवा लुकलुकायला लागतो. रशीदभाई पुढे सरकून बसले. मीही बसलो. शास्त्र पोरकट होतं हे मला मान्य आहे. पण त्या क्षणी कोणीतरी बँड थांबवावा यापलीकडे मला जगात काही नको होतं.

तेवढ्यात पेटीत खट्‌ झालं आणि चित्र आक्रसून पांढरा ठिपका झालं. रशीदभाईंनी खिसे चाचपले. मी चाचपले. योग्य ते नाणं कोणाकडेच नव्हतं.

“घ्या,” ते म्हणाले. “आता कळायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका इंग्रज मुलाला मी शेवट विचारला. त्याने पाहिला होता. कोणी ऐकलंच नाही, तो म्हणाला. समारंभ संपल्यावर खोलीत झाडलोट करायला एक बाई येते. तिला केर ओढायचं यंत्र लावायचं असतं आणि भिंतीत प्लगची जागा एकच असते. ती दिव्याचा प्लग काढून आपला लावते आणि कामाला लागते. इथे संपतं. बरं केलं होतं, तो म्हणाला, आणि आम्ही कँटीनकडे वळलो.

मी घरी येऊन रशीदभाईंना शेवट सांगितला. सांगताना मला हसू आवरेना. म्हटलं, त्या बाईच्या जागी अव्वा असती तर दोनशे वर्षं तिथला केर हलला नसता. संप मिटला की तिला हे लिहिणार आहे. ती म्हणेल, बगितलंस, विलायतेत कुटं रीत न्हाय.

“लिखो,” रशीदभाई म्हणाले. “जरूर लिखो.” ते हसत नव्हते.

संप मिटायला मार्च उजाडला. एके दिवशी पोस्टमनने दारातल्या फटीतून सोलापूरची तीन-चार पाकिटं एकदम आत टाकली. वरचं जे होतं ते मी उभ्याउभ्या फोडलं. अप्पांचं रेखीव अक्षर. ‘कालची शोकसभा वाचनालयाच्या सभागृहात चांगली झाली. अनेक मान्यवरांनी श्रद्धांजली वाहिली. ठराव एकमताने संमत झाला.’ पुढे कोण काय बोललं त्याचा वृत्तांत होता. कोण वारलं ते त्यांनी लिहिलं नव्हतं. ते आधीच्या पत्रात लिहिलं होतं, आणि ते पत्र खाली पडलं होतं.

तारखा मी नंतर जुळवल्या. आम्ही दोघं त्या टीव्हीसमोर पुढे सरकून बसलो होतो, तेव्हा अव्वाला जाऊन आठवडा होऊन गेला होता.

पाकिटं आली त्या दिवशी घर झाडायची पाळी रशीदभाईंची होती. त्यांनी झाडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच झाडू घेतला, तर ते जिन्यावर उभे राहून म्हणाले, “रहने दो ना, मास्तर. कौन आ रहा है देखने कू.”

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. सजवलेल्या मखरात बसवून नेतात, आणि त्या मखराला विमान म्हणतात. त्या हिवाळ्यात आमच्या घरातून मी आणि अव्वा, दोघंही विमानाने गेलो.

चौऱ्याहत्तरमध्ये मी पहिल्यांदा परत गेलो. स्टेशनवर बँड नव्हता. अप्पा एकटे आले होते. गल्ली अरुंद झाली होती, माग वाढले होते, आणि सोप्यातली फरशी एवढी लख्ख होती की मी बूट बाहेरच काढले. वाचनालयाच्या लोकांनी माझा सत्कार ठरवला होता, पण अप्पांनी नको म्हणून कळवलं. ते आता कुठेच बोलत नाहीत, घशाचा त्रास आहे, असं मला तीन जणांनी सांगितलं. घरात मात्र त्यांचा घसा ठीक होता.

अक्का मंगळवेढ्याहून मला भेटायला आली, तेव्हा तिने दुपारी भाकऱ्या थापताथापता सांगितलं.

अव्वाचा दमा वाढला तशी अक्का तेव्हा येऊन राहिली होती. पंधरा दिवस होऊन गेले, पत्र नाही. डॉक्टर म्हणाले, ही खोली आधी झाडा. अक्काने झाडू घेतला तर अव्वा बाजेवरून म्हणाली, “हात लावलास तर माज्या पोराच्या वाटंवर झाडू मारलास असं समजीन.” अक्काने झाडू ठेवला. अव्वाने तो मागून घेतला आणि स्वतःच्या उशाखाली ठेवला.

तेव्हा अप्पांनी एक गोष्ट केली जी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. ते शाळेतून धापा टाकत आले आणि म्हणाले, हेडमास्तरांच्या खोलीत ट्रंककॉल आला होता, तम्माचा. पोचला.

अव्वा उठून बसली. “काय बोलला?”

अक्का म्हणाली, “अप्पांनी एवढंच सांगायचं होतं की रे, बरा हाय, जेवला. झालं असतं.” पण अप्पांना अव्वाकडे बघून भरून आलं, आणि भरून आलं की त्यांना एकच भाषा येते. ते म्हणाले, “म्हणाला, मातोश्रींच्या चरणी साष्टांग दंडवत. आपल्या आशीर्वादाच्या शिदोरीवर मी परक्या भूमीवर पहिलं पाऊल ठेवलं आहे.”

अव्वा त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकला थांबल्यावर पुन्हा हसली.

“असं माजं पोरगं बोलत न्हाय,” ती म्हणाली. “त्यो चटणी सांडली म्हणला असता.”

आणि उशी सारखी करून, झाडू जिथल्या तिथे आहे हे हाताने चाचपून, आडवी झाली. त्याच आठवड्यात ती गेली. डॉक्टरांनी थंडीचं कारण दिलं, अक्काने तुशीचं. अप्पांनी शोकसभेत नियतीचं दिलं, आणि त्यानंतर सभा सोडल्या.

मी अक्काला विचारलं नाही की माझं पत्र शेवटी आल्यावर ते कोणी वाचलं. अप्पांनी मोठ्याने वाचलं असणार, सगळं टपाल ते मोठ्याने वाचतात. पहिल्या दोन ओळींवर ते थांबले असतील का, एवढंच मला कधीतरी त्यांना विचारायचं होतं. अजून विचारलेलं नाही. यंदा ते पंच्याहत्तरीत येतील.

आता माझ्या घरात रंगीत टीव्ही आहे. त्याला नाणं लागत नाही. अंतराळाच्या गोष्टी अजूनही लागतात आणि यानं आता पूर्वीपेक्षा बरी दिसतात, पण आतले लोक पोचल्यावर घरी कळवतात असं फारसं दाखवत नाहीत. रशीदभाई रविवारी येतात. गाव विचारलं की आम्ही दोघंही सोलापूर सांगतो. ऐकणाऱ्याला ते कुठे आहे माहीत नसतं आणि आम्हालाही आता ते सांगता येईल की नाही याची खात्री नाही. इथल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात दर वर्षी कोणीतरी घर म्हणजे काय यावर बोलतं. माती, मुळं, नाळ असे शब्द येतात आणि टाळ्या पडतात. मला बोलायला सांगतात तेव्हा मी घशाचं कारण सांगतो.

मला विचाराल तर घर म्हणजे जिथे आपण निघून गेल्यावर आपल्या पायांची धूळ कोणीतरी तशीच राहू देतं, ती जागा. अशी जागा मला एक होती. तिथे किती दिवस धूळ राहिली हे मला माहीत आहे, कारण ती कधी निघाली तेही अक्काने त्या दुपारी, शेवटची भाकरी तव्यावर टाकताना, सांगितलं. अव्वाचं विमान गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर शेजारच्या काकूंनी तिच्या उशाखालचा झाडू काढला आणि रिवाजाप्रमाणे सोपा झाडून घेतला.

माझं पत्र आलं तेव्हा घर स्वच्छ होतं.